व्हीपीएन टाकू का? फोनची किल्ली कुणाच्या हातात द्यायची

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत मोबाईल आणि खासगीपणा या विषयावर झालेलं हे भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी इथे देत आहोत.)



आजच्या विषयाचं नाव अवघड आहे. व्हीपीएन. पण प्रश्न साधा आहे आणि तो तुमच्याकडूनच आलाय. फोनवर काहीतरी बघत असताना मध्येच जाहिरात येते. तुमचा फोन सुरक्षित नाही, तुम्ही काय बघता ते सगळ्यांना दिसतं, हे ॲप टाका, फुकट आहे. बऱ्याच जणींनी ते टाकलंय. काहींच्या फोनमध्ये मुलांनीच टाकून दिलंय. आता तुम्ही विचारता, हे ठेवू का काढू?

उत्तर आधीच सांगते, म्हणजे ज्यांना चारची एसटी गाठायचीय त्यांचं काम होईल. व्हीपीएन ही वाईट वस्तू नाही. पण ती एकच काम करते. तुमच्या फोनपासून पुढे जाणाऱ्या वाटेवर कुणी डोकावत असेल, तर त्याच्यापासून झाकते. आणि झाकण्याचं काम ज्या कंपनीला दिलं, तिला मात्र ती सगळी वाट दिसते. आपले पैसे जातात किंवा आपली गोष्ट चारचौघांत होते, ते बहुतेक वेळा या वाटेवरून होत नाही. ते हातातल्या फोनमधून होतं. तिथे व्हीपीएनचा काही उपयोग नाही.

आता हे नीट समजून घेऊ.

आपल्याला लपवायचंय काय?

काही जणी म्हणतात, "आपलं काय एवढं मोठं आहे? कुणी बघितलं तर बघू दे." तायांनो, न्हाणीघराला दार असतं ते आपण आत काही गुन्हा करतो म्हणून नसतं. खासगी असणं वेगळं आणि लपवाछपवी वेगळी.

पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, गर्भनिरोधक, मुलाचं व्यसन, नवऱ्याची मारहाण, माहेरच्या जमिनीतला वाटा, या गोष्टी आज बाई आधी फोनला विचारते, मग माणसाला. ते विचारायचा तिला हक्क आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो शहरातल्या लोकांपुरता नाही. आपल्यालाही आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. गटाचं खातं, कर्जाचा हप्ता, यूपीआय, योजनेची ई-केवायसी हे सगळं आता फोनवर आलंय. दहा-बारा जणींचा विश्वास एकीच्या फोनमध्ये असतो. म्हणून हा विषय आपल्या बैठकीतला आहे.

पोस्टकार्ड, पाकीट आणि पाकिटातलं पाकीट

तुम्ही फोनवर एखादी वेबसाइट उघडता तेव्हा तुमचा निरोप थेट तिथे जात नाही. घरात वायफाय असेल तर आधी त्या डब्याकडे, म्हणजे राउटरकडे जातो. तिथून इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे. तिथून पुढे त्या वेबसाइटकडे. मोबाईलचा डेटा वापरत असाल तर मधला डबा नाही, थेट सिमकार्डाची कंपनी.

पूर्वी बऱ्याच वेबसाइट पोस्टकार्डासारख्या होत्या. पोस्टमनपासून सगळ्यांना मजकूर वाचता यायचा. आता बहुतेक वेबसाइट आणि सगळ्या चांगल्या बँकांची ॲप बंद पाकिटात निरोप पाठवतात. वेबसाइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं ना, त्यातला शेवटचा एस म्हणजे पाकीट बंद आहे. पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतली चिठ्ठी दिसत नाही. म्हणजे वायफायवाल्याला किंवा कंपनीला कळू शकतं की तुम्ही अमुक बँकेच्या वेबसाइटवर गेलात, किती वाजता गेलात, किती वेळ होतात. तिथे कोणता पासवर्ड टाकला, किती रुपये पाठवले, ते कळत नाही. व्हॉट्सॲपचे संदेश तर २०१६ पासून असे बंद असतात की वाटेत कुणालाच वाचता येत नाहीत.

आता व्हीपीएन. पूर्ण नाव व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. मुळात कंपन्या आणि बँकांनी हे वापरलं, बाहेरगावचा माणूस ऑफिसच्या संगणकाला सुरक्षित जोडला जावा म्हणून. यात होतं असं की तुमचं बंद पाकीट आणखी एका मोठ्या पाकिटात घालतात. मोठ्या पाकिटावर पत्ता असतो व्हीपीएन कंपनीचा. पोस्टमनला तेवढाच पत्ता दिसतो. व्हीपीएन कंपनी मोठं पाकीट उघडते, आतलं पाकीट बाहेर काढते आणि खऱ्या पत्त्यावर पाठवते.

मग पोस्टमनला कळलं नाही की पत्र कुणाला चाललंय. बरोबर. पण मधल्या माणसाला कळलं. पोस्टमनवरचा विश्वास काढून आपण तो मधल्या माणसावर ठेवला.

आपल्या गटांना हे समजायला वेळ लागणार नाही. गटाच्या पेटीची किल्ली आपण वाटेल तिच्याकडे देत नाही. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, असं ठेवतो आणि किल्ली कुणाकडे ते ठरावात लिहितो. व्हीपीएन सुरू असताना फोनच्या वरच्या पट्टीत किल्लीचं छोटं चित्र दिसतं. त्या चित्राकडे बघून एवढंच विचारायचं, ही किल्ली मी कुणाच्या हातात दिलीय?

अँड्रॉइड फोन स्वतःच हे सांगतो. व्हीपीएन पहिल्यांदा सुरू करताना एक चौकट येते. त्यात लिहिलेलं असतं की हे ॲप तुमच्या नेटवर्कवरची ये-जा पाहू शकेल, विश्वास असेल तरच होकार द्या. आपण न वाचताच 'ओके' दाबतो.

फुकट व्हीपीएनचा खर्च कोण करतं?

व्हीपीएन चालवायला देशोदेशी मोठे संगणक लागतात, वीज लागते, माणसं लागतात. मग फुकट देणाऱ्याचं कसं भागतं? काही चांगल्या कंपन्या थोडी सेवा फुकट देतात, म्हणजे पुढे आपण पैसे भरून पूर्ण सेवा घ्यावी. पण सगळ्या तशा नाहीत.

दोन खरी उदाहरणं देते. ओनावो नावाचं एक ॲप होतं. ती कंपनी फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली. तुमची माहिती सुरक्षित ठेवतो असं सांगून लोकांना व्हीपीएन दिलं. प्रत्यक्षात लोक कोणती ॲप किती वापरतात ही माहिती त्यातून फेसबुककडे जात होती. २०१८ मध्ये ॲपल कंपनीने आक्षेप घेतल्यावर ते आयफोनच्या दुकानातून निघालं, पुढच्या वर्षी बंद झालं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने याच प्रकरणात फेसबुकच्या दोन कंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

दुसरं, होला नावाचं फुकट व्हीपीएन. २०१५ मध्ये उघड झालं की ते वापरणाऱ्यांचं इंटरनेट कंपनी दुसऱ्यांना विकत होती. म्हणजे तुमच्या जोडणीवरून भलत्याच माणसाचं काम चालणार आणि चौकशी आली तर पत्ता तुमचा दिसणार.

आपल्या देशातला नियमही माहीत असू द्या. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क अशी नोंद पाच वर्षं ठेवावी. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले संगणक काढून घेतले. व्हीपीएन वापरणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. पण व्हीपीएन टाकलं म्हणजे आपण अदृश्य झालो, असंही नाही.

घरचं वायफाय

आता गावात फायबरची वायर आलीय. बऱ्याच घरांत डबा बसलाय. कुठे दोन घरांत मिळून एक आहे, पैसे अर्धे-अर्धे.

घरच्या वायफायवर डबा ज्याच्या ताब्यात, त्याला कोणकोणते फोन जोडलेत हे दिसतं. डब्यात तशी सोय असेल आणि त्याला माहिती असेल, तर कोणत्या वेबसाइट उघडल्या तेही दिसू शकतं. पण खरं सांगू? एवढी खटपट करणारे थोडे. घरात डोकावायची सोपी जागा आपल्या हातातच आहे, तो फोन.

बघा, तुमच्या फोनमध्ये गूगलचं खातं कुणाचं आहे? फोन नवीन घेतला तेव्हा मुलाने किंवा मालकांनी स्वतःचंच खातं टाकून दिलं असेल, तर तुम्ही शोधलेलं, यूट्यूबवर पाहिलेलं त्यांच्या खात्यात नोंदलं जाऊ शकतं आणि त्यांच्या फोनवर दिसू शकतं. तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या फोनला किंवा संगणकाला जोडलेलं असेल तर संदेश तिथेही वाचता येतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' म्हणून जागा आहे, तिथे ओळखीचं नसेल ते काढून टाका. आणि फोनला कुलूपच नसेल, तर ब्राउझरची जुनी यादी कुणीही उघडून बघेल. या तिन्ही ठिकाणी व्हीपीएन काही करत नाही. पाकिटात पाकीट घातलं, पण चिठ्ठीची प्रत घरातल्या टेबलावरच राहिली, असं ते आहे.

म्हणून घरी आधी ही कामं करा. फोनला पिन. स्वतःच्या नावाचं गूगल खातं. वायफायचा पासवर्ड बदला, डब्यासोबत आलेला तसाच ठेवू नका. डब्याची सेटिंग उघडायचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदलून घ्या, वायर जोडायला येणाऱ्या मुलाला सांगा. शेजाऱ्यांना, पाहुण्यांना द्यायचं असेल तर अनेक डब्यांत 'गेस्ट' नावाचं वेगळं वायफाय सुरू करता येतं, ते द्या. तुमच्या वायफायवरून कुणी काही वेडंवाकडं केलं तर पोलीस आधी बिल ज्याच्या नावावर त्याच्याकडे येतात.

बाहेरचं वायफाय

एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, दवाखाना, तालुक्याचं हॉटेल, ट्रेनिंगचं वसतिगृह. इथे मात्र व्हीपीएनचा खरा उपयोग आहे. तिथला डबा कोण सांभाळतं हे आपल्याला माहीत नसतं. शिवाय कुणीही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला 'फ्री वायफाय' असं नाव देऊ शकतं. आपण जोडलो की आपली वाट त्याच्या फोनमधून जाते. चांगलं व्हीपीएन सुरू असेल तर त्याला आपण कुठे गेलो ते कळत नाही.

पण त्याहून सोपा, बिनखर्चाचा उपाय आहे. बाहेर पैशाचं काम करायचं असेल तर वायफाय बंद करा आणि स्वतःच्या सिमचा डेटा वापरा. दहा मिनिटांच्या बँकेच्या कामाला डेटा फार लागत नाही.

बाहेरच्या वायफायवर आणखी दोन गोष्टी. स्टेशनच्या वायफायला मोबाईल नंबर टाकून ओटीपी घ्यावा लागतो. आलेला संदेश पूर्ण वाचा. तो वायफायसाठीचा आहे का बँकेचा, हे त्यातच लिहिलेलं असतं. बँकेचा असेल तर टाकू नका, लगेच जोडणी तोडा. आणि मोबाईलवर 'कनेक्शन खासगी नाही' असा इशारा आला, तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. पाकीट वाटेत फोडल्याची ती खूण असू शकते.

व्हीपीएन कशापासून वाचवत नाही

हे मोठ्याने वाचून दाखवा गटात.

तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला, तर व्हीपीएन वाचवत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका, दंडाची पावती किंवा योजनेच्या नावाची एपीके फाइल टाकली, तर वाचवत नाही. चोर फोनच्या आत बसल्यावर वाट झाकून काय उपयोग?

कर्ज देणाऱ्या ॲपला कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायची परवानगी दिली, तर वाचवत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगितलंय की कर्जाच्या ॲपने तुमची नंबरांची यादी, फोटो, कॉलची नोंद घेऊ नये. जे ॲप मागतं, ते तिथेच काढून टाका.

खोटी वेबसाइट उघडली तर वाचवत नाही. पाकीट बंद असलं तरी पत्ताच चोराचा असेल तर चिठ्ठी चोरालाच मिळणार. बहुतेक सरकारी वेबसाइटचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट ठरवून दिलाय आणि बँकांना तो घेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. पत्त्याचा शेवट बघायची सवय लावा.

आणि तुम्ही गूगल किंवा फेसबुकवर स्वतःच्या नावाने आत गेलात, तर त्यांना तुम्ही कोण ते माहीतच असतं. व्हीपीएन असो वा नसो.

उलट, काही बँकांची ॲप व्हीपीएन सुरू असताना चालतच नाहीत किंवा व्यवहार अडवतात. गेल्या सभेत एका ताईंनी विचारलं होतं, बँकेचं ॲप अचानक उघडेना, काय करू? असं झालं तर वरच्या पट्टीत किल्ली दिसते का ते आधी बघा. दिसत असेल तर व्हीपीएन बंद करा, मग उघडून पाहा.

मग व्हीपीएन कुणी घ्यावं?

ज्यांचं काम रोज दुसऱ्याच्या वायफायवर चालतं त्यांनी विचार करावा. वसतिगृहात राहणारी मुलगी, सतत ट्रेनिंगला फिरणारी ताई, संघाच्या कार्यालयाचा संगणक. घ्यायचं तर माहितीच्या कंपनीचं, पैसे भरून, प्ले स्टोअरवरूनच घ्या. आलेल्या लिंकवरून नाही. कंपनी कुठली आहे, कोणती नोंद ठेवते, हे कुणा जाणत्याकडून वाचून घ्या. एकीने ठरवायचं नाही, कार्यकारिणीत ठरवायचं.

आणि एक नाजूक गोष्ट. घरात त्रास असलेली बाई विचारते, "मी मदत शोधतेय हे घरच्यांना कळू नये, म्हणून व्हीपीएन टाकू का?" तिला घाईने हो म्हणू नका. तिचा फोन घरात तपासला जात असेल तर ते नवीन ॲप आणि ती किल्ली दिसेल आणि नवा संशय येईल. तिच्यासाठी सुरक्षित वाट म्हणजे दुसऱ्याचा फोन. गटातल्या विश्वासाच्या मैत्रिणीचा, सीआरपी ताईचा किंवा आपल्या कार्यालयाचा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२, मोफत कायदेशीर सल्ला १५१००. हे नंबर तिच्या फोनमध्ये साठवायचे नाहीत, पाठ करायचे. आणि आपण, ज्या फोन देतो, त्यांनी तोंड बंद ठेवायचं. गटातली गोष्ट गटाबाहेर गेली तर कुठलंही ॲप कामाचं नाही.

या आठवड्यात करायचं काम

पुढच्या बैठकीत बचत जमा झाल्यावर पंधरा मिनिटं काढा. प्रत्येकीने फोनच्या सेटिंगमध्ये वर शोधायच्या जागी 'व्हीपीएन' लिहून पाहायचं. अनोळखी नाव दिसलं आणि कुणी टाकलं हे सांगता येत नसेल, तर ते ॲप काढायचं. मग गूगल खातं कुणाचं ते बघायचं, व्हॉट्सॲपची 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघायची, फोनला पिन लावायचा. ज्यांना येतं त्यांनी शेजारचीला दाखवायचं, तिचा फोन हातात न घेता. तिच्याच बोटाने करू द्या, म्हणजे ते तिला येईल आणि तिचा पिनही तिच्याकडेच राहील.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तायांनो, गटाची पेटी कुणाच्या ताब्यात द्यायची हे आपण वर्षानुवर्षं विचार करून ठरवत आलो. फोनच्या बाबतीतही तीच पद्धत ठेवू. कुणी फुकट किल्ली बनवून देतो म्हणाला तर आधी विचारू, दुसरी किल्ली तुझ्याकडे राहणार का?

तुमचे प्रश्न असतील तर आता विचारा, नाहीतर सीआरपी ताईंकडे लिहून द्या. पुढच्या सभेत आपण ते घेऊ.